लाभ न म्हणणारी बाई

करडी
ता. ११ डिसेंबर २००५

रश्मी बेटा,

तुले आजीचा जयभीम आणि गालावर एक पापा. इकडे सारे मजेत आहोत. धान घरात आला. वांगे असे लागले का वाटून वाटून मी थकली. आज तुझी आई चुलीपाशी आहे, म्हणून मले लिहायले फुरसत. अक्षर वाकडं असन, समजून घेजो.

तुझ्या आबाजीच्या रेडिओवरची बाई खरी निघाली.

तुले ठाऊक आहे, दिवस बुडाला का ते अंगणात सेलचा रेडिओ कानाशी धरून 'लाभ, दोन, तीन' करत बसतात. म्हणतात, "बाई मोजून राहिली, पण 'वन' म्हणते, 'लाभ' म्हणत नाही. बरकत कशी येईन?" जिंदगीभर पायलीनं लोकायचा धान मोजला, एकाच्या जागी 'लाभ' म्हणूनच मोजणी सुरू. मी वरून हासत होती. बाहेर येऊन ऐकलं का नुसती खरखर.

काल लाईन गेली. शेजारचा टीव्ही बंद झाला आणि रेडिओ एकदम साफ. बाईच होती वो. एका सुरात इंग्रजी आकडे. गाणं नाही, बातमी नाही. मी धावत जाऊन धर्मेंद्र गुरुजीले आणलं.

गुरुजी म्हणाले, "आजी, असे स्टेशन रायतेत. हेरायले निरोप देतात म्हणे. ज्याच्यापाशी त्या आकड्यायची किल्ली, त्यालेच समजते. पक्कं कोणी सांगत नाही."

आबाजी म्हणाले, "हेर असो का कोणी, लाभ म्हणायले काय जाते?" गुरुजी हासून हासून खाली बसले.

मले वाटते, कोण्या मायचा लेक दूर असन, त्याले सांगत असन का घरी सारे बरे आहेत.

एक तुले सांगतलं नव्हतं. आबाजीचा मोठा भाऊ धनीराम, त्याचंही असंच सुरू झालं होतं, नसलेलं ऐकू येणं. मग एक दिवस आपल्याच बायकोले, मंगलाबाईले, विचारलं, "तू कोणाची वो?" म्हणून मी रोज चहा देताना आबाजीले उगाच विचारत होती, "कोणं दिला चहा?" ते चिडत, "तुनं, अजून कोणं?" मले तेवढं पुरे होत होतं.

आज नाही विचारलं.

तू नागपूरले डोक्याच्या डॉक्टराकडे आबाजीचा नंबर लावला ना, तो काढून टाक. आमच्या घरी नंबर बहुत झाले.

आता थांबते. अंगणातून हाक येऊन राहिली, "पार्वता, बाई आली." नाव घेऊन हाक मारली त्यायनं.

तुझी आजी,
पार्वता