थरथर आणि मुरकी

गुरुजी, तुमचा हात थरथरायचा, हे मला आज दुपारी कळलं. ताईंनी सेलूहून फोनवर सांगितलं, आणि तुमच्या मुलीपेक्षा खात्रीनं ते कोण सांगणार?

शेवटच्या वर्षी तुम्ही माझ्या कीबोर्डवर वाजवलेल्या बंदिशी संगणकात मिडी फाइल म्हणून आहेत. मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती वेळ, किती जोरानं, एवढीच नोंद. त्यावरून आमच्या परभणीच्या शाळेतल्या डोळस मुलींसाठी छापील नोटेशन करायला घेतलंय. संगणक एकेक सूर बोलून दाखवतो, मी ऐकून दुरुस्त करते. पानं उद्या अकराला छापखान्यात द्यायचीत आणि सकाळपासून मी तिसऱ्या बंदिशीत अडकलेली. लांब गंधार मध्येच तुटतो, शेजारचा मध्यम क्षणभर लागतो, जोर एकशे सत्तावीसपैकी जेमतेम नऊ. पुन्हा गंधार, पुन्हा मध्यम. तुमच्या मुरकीत, सुरांच्या त्या झटपट वळणात, बोट ठरवून पडायचं, जोर साठाच्या खाली कधी नाही. हे सूर नुसते हात लागून गेल्यासारखे, आणि जिथे सूर धरून ठेवायचा तिथेच.

म्हणून ताईंना फोन केला. "अगं, अण्णांचा हात थरथरायचा की! बशी मीच धरायचे त्यांची. तुला म्हाईत न्हाई?" "मला कुणी सांगितलं?" "तेच नको म्हणाले. तिला दिसत न्हाई तेवढं बरं हाय, म्हणाले."

ही तिसरी बंदिश वाजवली त्या दिवशी तुम्ही कीबोर्डपुढे बसलात ते कुरकुरतच. "ह्याला भाता न्हाई, मग हे श्वास कुठून घेतं गं?" मी हसते, रेकॉर्डचं बटण दाबते. मी शिकत असताना सूर जरा हलला की तुम्ही पेटीवर टिचकी मारायचात, "धरून ठेव, नाचवू नको." त्याचा वचपा काढायची ही संधी. मी म्हणते, "गुरुजी, आज तुमचाच सूर नाचायलाय." तुम्ही म्हणता, "म्हातारपणी तेवढी सूट असती." मी ती मुरकी समजले. घोटून घोटून बसवली आणि गेली दहा वर्षं मुलींना शिकवतेय. गेल्या स्पर्धेत परीक्षकांनी एकीला विचारलं, ही जागा कुठली? मी मागून मोठ्यानं तुमचं नाव सांगितलं.

ताई म्हणाल्या, "काढून टाक. अण्णांना असलं छापलेलं चाललं नसतं." संध्याकाळपर्यंत एकेक काढत बसले. जोर वीसच्या खाली असला की डिलीट. दोन ठिकाणी हात थांबला, कारण तिथे जोर पस्तीस होता, आणि पस्तीस म्हणजे थकलेली मुरकी की मोठी थरथर, हे आता कुणाला विचारू? ते दोन ठेवलेत.

सोमवारी पानं मुलींच्या हातात पडतील. स्पर्धेतली ती पहिल्याच ओळीवर थांबेल आणि विचारेल, "मॅडम, आपली मुरकी कुठाय?" तिला खरं सांगितलं, तर दहा वर्षं मी थरथरच मुरकी म्हणून शिकवली, हेही सांगावं लागेल. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच लिहितेय: छपाईत राहून गेली, असंच मी तिला सांगणार आहे.