एकोणचाळीस दिवस बिनमधाचे

२७ ऑगस्ट १९८६, बुधवार

दुइलियो पडला. मधाच्या पेट्यांपाशी, सकाळी सातला, हातात धुराचं भांडं तसंच. मला वाटलं माशी चावली आणि नाटक करतोय — एकसष्ट वर्षांचा घोडा झाला तरी माझ्या भावाची नाटकं सुटलेली नाहीत. जवळ गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा हात उचलला, सोडला, तसाच पडला.

सिएनाच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूत रक्ताची गाठ. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणतात.

घरात आम्ही दोघंच. आई गेल्यापासून दोघंच. त्यानं लग्न केलं नाही, मीही नाही. गाव हसलं, हसू दे. आज घरी आले आणि दोन ताटल्या मांडल्या. सवय!

स्वयंपाकघरातल्या मारियेच्या, येशूच्या आईच्या, तसबिरीसमोर उभी राहिले. आईनं शिकवलेलं — संकट आलं की मारियेला फूल वाहायचं. बागेतलं नव्हे. स्वतःला सगळ्यात आवडतं ते सोडायचं, आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गेलं. मी म्हटलं, दुइलियो बरा होईपर्यंत मध नाही, साखर नाही, मुरंबा नाही. जिभेला टेकवणारसुद्धा नाही.

वहीत लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. वहीला कान नाहीत.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बिनसाखरेची कॉफी. जहर.

३१ ऑगस्ट, रविवार

डोळे उघडले! माझ्याकडे बघितलं. बोलता येत नाही, पण ओळखलं. डाव्या हातानं माझी बाही धरून ठेवली, बसची वेळ झाली तरी सोडेना. शेवटी नर्सनं एकेक बोट सोडवलं.

चार दिवस गोड सोडलं तर डोळे उघडले. मी वेडी नाही, मला कळतं की डॉक्टरांनी औषधं दिली. तरीसुद्धा.

९ सप्टेंबर, मंगळवार

"झे" म्हणाला. झेलिंदातला पहिला तुकडा. इतर कुणाचं नाव नाही, पेट्यांचं नाही, कुत्र्याचं नाही. माझं! बसमध्ये भर लोकांत रडले. शेजारच्या बाईनं रुमाल दिला आणि तिकडं तोंड केलं, भली बाई.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज वाईट वागले. लिहिते, म्हणजे जरा हलकं वाटेल.

त्याला अजून कडक काही गिळता येत नाही, म्हणून डब्यात ताजं रिकोटा, मऊ पनीर, नेलं होतं, वर त्याच्याच पेटीतला चेस्टनटच्या फुलांचा मध. घरी हेच आम्ही भाजलेल्या पावावर घालून खातो, शेगडीपाशी उभ्यानंच. पाच चमचे त्यानं खाल्ले. सहावा डाव्या हातानं स्वतः भरला — केवढी मेहनत! — आणि माझ्या तोंडाशी आणला. लहानपणापासूनचं त्याचं. गोड एकटा खात नाही. आईनं त्याला एक अंजीर दिलं तरी अर्धं माझ्यासाठी ठेवायचा, मग ते खिशात चिरडलेलं का असेना.

मी तोंड फिरवलं. पोट भरलंय म्हटलं. त्यानं पुन्हा पुढे केला, मी पुन्हा फिरवलं. मध चादरीवर सांडला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग चमचा खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सांगता आलं असतं तर! पण सांगितलं की गेलं. अरे वेड्या, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा चमचा. पुन्हा नाही म्हटलं. आज रागावलाही नाही. नुसता चमचा खाली ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार

नोर्मा आली होती. पलीकडच्या घरातली, माझ्याच वर्गातली, माझ्याहून दुप्पट बोलणारी. जपमाळेच्या मारियेचा सण पाच ऑक्टोबरला. चौकातलं भाजलेल्या पावाचं टेबल नेहमीसारखं माझ्याकडेच ना, असं विचारत होती. मी म्हटलं या वर्षी नको, माझा भाऊ इस्पितळात. तर म्हणाली, मग मारियेच्या सणाला तूच नाहीस म्हणजे कसं दिसतं? मला कसं दिसतं याची पडलेली नाही. पण मारियेला पडलेली असली तर? तिच्याकडे मागणं घेऊन गेलेय आणि तिच्याच सणाला घरी बसू?

हो म्हटलं.

हे टेबल दुइलियोनं सुरू केलं, तेवीस वर्षं झाली. आमचे बाबा अर्धेलीनं जमीन कसायचे. तेव्हा मालक लोक म्हणायचे, चीज आणि नाशपाती एकत्र किती छान लागतात ते कुळाला कळू देऊ नका. दुइलियो म्हणायचा, आम्हाला कळलं ते कळलं, पण वर मध घालायचं मालकालासुद्धा सुचलं नाही! काम सोपं. कालचा पाव पातळ कापायचा, निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचा, वर मेंढीच्या चीजचा काप, नाशपातीची फोड, आणि मध. कुणालाही जमेल असं लोकांना वाटतं. पण आमच्या पावात मीठ नसतं. मीठ सगळं चीजचं, आणि ते दर वर्षी वेगळं. मधही दर वर्षी वेगळा, कधी जास्त कडवट. दोन्ही एकत्र चाखून ठरवायचं की मधाची धार किती. ते चाखणं पहिल्यापासून माझ्याकडे.

या वर्षी कसं चाखणार?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर तेरा तारखेला घरी सोडू. घरी! मी त्यांचा हात धरला तो सोडायचंच विसरले.

दुइलियोला सणाचं सांगितलं. पाच तारखेला येणार नाही, दिवसभर टेबल आहे. त्यानं मान हलवली. हातानं पाव कापल्यासारखं केलं आणि दाराकडे बोट दाखवलं — जा, जा. आज हसला, अर्ध्या तोंडानं का होईना.

४ ऑक्टोबर, शनिवार

चाळीस पाव आले. चीज नोर्माच्या चुलतभावाकडचं, चांगलं खारट. मध दुइलियोचा, जुलैत काढलेला. नोर्माला म्हटलं तू चाख. तिनं चाखलं, म्हणाली छान आहे. तिला सगळंच छान लागतं, तिला विचारून काय उपयोग!

"तुला काय झालंय?" म्हणाली. "तोंड आलंय का?"

हो म्हटलं, तोंड आलंय. मारिये, हे खोटं तुझ्याच खात्यावर.

मध अंदाजानं घालायचा. महिन्याभरात अंदाजच गेलाय. उद्या काय होतंय कोण जाणे.

५ ऑक्टोबर, रविवार

गेला.

माझा दुइलियो गेला.

६ ऑक्टोबर, सोमवार

लिहायलाच हवं. दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

काल सातपासून चौकात होते. निखारे चांगले धरले होते. अकराची प्रार्थना सुटल्यावर गर्दी झाली. लोक खात होते, चांगलं म्हणत होते, पण नेहमीसारखं दुसऱ्यांदा कुणी येत नव्हतं. मला कळत होतं मध कमी पडतोय. पण किती कमी, ते कळेना.

मिरवणूक निघाली. मारियेची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं आमच्या टेबलासमोरून जात होती. वर चर्चच्या घड्याळात सव्वाबारा. मी क्रूसाची खूण करायला हात उचलला आणि बरणीच्या तोंडावरचा मध अंगठ्यावर ओघळला. आणि मी अंगठा तोंडात घातला.

विचार केलाच नाही. पन्नास वर्षांची सवय. मध अंगावर सांडला की आमच्या घरात पुसत नाहीत, चाटतात.

नुसतं एवढंच असतं तर! पण मी थुंकले नाही. एकोणचाळीस दिवसांनी तोंडात मध आला आणि मी डोळे मिटले. छान लागला. इतका छान की क्षणभर दुइलियो आठवला नाही, नवस आठवला नाही, काहीच नाही. डोळे उघडले तेव्हा मूर्तीची पाठ दिसली.

नोर्मानं बघितलं. "चाखलंस एकदाचं!" म्हणाली. त्यानंतर माझा हात बरोबर पडायला लागला. लोक परत परत यायला लागले. फादर चेल्सोंनी चार खाल्ले.

दीड वाजता बारवाला इव्हो आला, एप्रनला हात पुसत. घरचा फोन कुणी उचलेना म्हणून इस्पितळानं त्याच्याकडे केला होता.

"झेलिंदा, बस जरा," म्हणाला. मी बसले नाही. निखाऱ्यावरचे पाव काळे होईपर्यंत तशीच उभी होते.

केव्हा, मी विचारलं. इव्होला नीट माहीत नव्हतं. आत्ताच गेला असेल, म्हणाला, दुपारच्या सुमाराला. म्हणजे सव्वाबारानंतर. म्हणजे माझ्या अंगठ्यानंतर.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुरला. ऊन होतं. गाव आलं होतं. मी रडले नाही, त्यावरही बोलले असतील.

सगळे घरी आले तेव्हा नोर्मानं पाव भाजून आणला होता, सणाचा उरलेला मध घालून. माझ्यापुढे ताटली धरली. मी ती झाकून बाजूला ठेवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मीच मारला. इतकं सरळ आहे ते. एकोणचाळीस दिवस पेललं आणि आठ दिवस उरले असताना सोडलं. मुद्दाम सोडलं असतं तर एक वेळ — पण चवीसाठी! अठ्ठावन्न वर्षांची बाई आणि मधासाठी भाऊ घालवला.

आणि त्याचा चमचा घेतला नाही. दोनदा. तोंड फिरवायला पाहिजे होतं तेव्हा चाटलं, आणि घ्यायला पाहिजे होतं तेव्हा तोंड फिरवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

फादर चेल्सोंना सांगितलं, पापाच्या कबुलीत. आता सांगून जाणार तरी काय होतं! ते जाळीमागून म्हणाले:

"झेलिंदाबाई, मारिया काय वाण्याचं दुकान मांडून बसलीये? एक थेंब मध कमी भरला म्हणून ती माणूस परत नेईल?"

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा, दुइलियोनं डोळे उघडले तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? प्रार्थना ऐकली गेली म्हणाला होतात. ऐकली जाते तेव्हा हिशेब आहे आणि ती माणूस नेते तेव्हा हिशेब नाही?

त्यांनी तीन वेळा जपमाळ म्हणायला सांगितली. चार पाव खाणारा माणूस.

तरी चांगला आहे बिचारा. दारापर्यंत आला, माझी शाल नीट केली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज घरी येणार होता. खालच्या खोलीत पलंग लावून ठेवला होता, जिना नको म्हणून. आज तो पुन्हा वर चढवला. नोर्माचा नवरा आला होता मदतीला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पेट्यांकडे गेले. माश्या आपल्या कामात. मला वाटलं होतं त्या तरी काही करतील. काय करणार होत्या?

बरण्या माळ्यावर चढवल्या. या घरात आता मध कुणी खायचा नाही. माझी शिक्षा एवढीच आणि ती मी जन्मभर भोगेन. असं ठरवल्यावर रात्री पहिल्यांदा झोप लागली, हेही लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

त्याच्या वस्तू आणायला इस्पितळात गेले. चष्मा, घड्याळ, वस्तरा. शेवटी त्याच्यापाशी असलेली नर्स भेटली, लोरेदाना. मी न विचारताच सांगायला लागली. सकाळी त्याला कॉफी पाजत होती, खिडकीतून घंटा ऐकू येत होत्या, त्यानं मान टेकली आणि गेला, त्रास झाला नाही. "पावणेदहा वाजले होते," म्हणाली. "तुमच्याकडे लगेच फोन लावला, मग तासातासानं. कुणी उचललाच नाही."

कागदावरही तेच. पावणेदहा.

तेव्हा मी पाव कापत होते. तोंडात काही नव्हतं. नवस पुरा होता, एक थेंबही कमी नव्हता. काल रात्रीपर्यंत दोष माझा होता. आज तो कुणाचाच नाही, आणि हे मला सहन होत नाही.