बटन बंद करू नोको

दादा,

मी धानाच्या रोवणीले जाऊन राहिली. कम्प्युटर चालूच राहू दे. जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, नव्या डिस्कवर उतरून राहिलं. बटन दिसलं की बंद करायची सवय आहे तुले. आज हात लावू नोको. जुनी डिस्क मरायले टेकली, एकदा बंद झाली तर पुन्हा चालू होणार नाही.

वहिनीचा पासवर्ड माहीत नाही म्हणून तू म्हणला, सगळं पुसून नवीन टाक. मी नाही पुसलं. कायले पुसू? वहिनी माहेरी गेली, मेली नाही. नव्या डिस्कवरही तिचंच नाव येईल, अन् पासवर्डही तोच लागेल.

नवेगावले, वहिनीच्या माहेरी फोन लाव. अन् पासवर्ड सांगितल्याबरोबर फोन ठेवू नोको.

चंदा