बर्फ संपल्यावरचा समुद्र

अकोला

प्रिय शिवम,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नको, घरी सारे धड आहेत. हातात फोन असताना आईनं कागद काहून काळा केला, असं तुले वाटन. पण फोनवर आपण काय बोलतो ते तुलेही माहीत आहे अन् मलेही. जेवला का, हो. नळ आले का, नाही. ठेवू का, ठेव. तेवढ्यात कुकरची एक शिट्टीही होत नाही. दोन दिवाळ्या झाल्या, तू घरी आला नाही, अन् त्याच्याबद्दल तर आपण बोलतच नाही. म्हणून लिहून राहिली. मले शुद्ध लिहिता येते बरं, शाळेत निबंधात माझा नंबर यायचा. पण तुले शुद्ध लिहिलं तर तुले वाटन, कोण्या ऑफिसची नोटीस आली.

तर पहिली बातमी अशी, की तुझी माय आता गोटो खेळते. हास, हास. गुडघ्यासाठी डॉक्टरनं बसून राहा म्हटलं, अन् बसून बसून माणूस तांदूळ तरी किती निवडन? शेजारच्या प्रणालीनं फोनमध्ये आपला टीव्हीवरचा तो जुना खेळ टाकून दिला. तेच करडू, गळ्यात तोच लाल दुपट्टा, तीच चोरीले गेलेली घंटी शोधत डोंगरावरून उड्या. पहिल्याच खड्ड्यात पडली, अन् सवयीनं फोन दुसऱ्याले द्याले हात पुढं केला. घरात कोणी नव्हतं. तुले आपला कायदा आठवते ना? करडू पडलं की रिमोट दुसऱ्याच्या हाती. रडायचं नाही, आणखी एक डाव म्हणायचं नाही. माझे हात कणकेचे असायचे म्हणून मी मनगटानं बटण दाबायची, तरी तुझ्यापेक्षा पुढं जायची. अन् नळ आले की करडाले तसंच हवेत लटकवून सारे हंडे-गुंड-बादल्या घेऊन पळायचो.

प्रणालीनंच मले फोनवरच्या त्या गोटोवाल्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं. नाव काय देऊ म्हटली, तर म्हटलं लिही, करडाची मावशी. बाप्पा बाप्पा, काय भांडतात ते लोक! शेतातल्या धुऱ्यावरून भाऊबंद भांडत नाहीत एवढे. एक म्हणते पहिला भाग तेवढा खरा, बाकी सारा धंदा. दुसरं म्हणते पाचव्या भागात डोंगर गोल गोल फिरायले लागला तिथंच गोटो मेला. हे मात्र मलेही पटलं, तो भाग मी दहा मिनिटं खेळली अन् दोन दिवस डोकं गरगरलं. आठव्या भागात करडाले पंख दिले. आता मले सांग, पंख द्यायचे होते तर करडू कशाले घेतलं, चिमणी घ्यायची होती. मी तसं लिहिलं, तर शंभर जणांनी अंगठे दाखवले. अख्ख्या जन्मात माझ्या म्हणण्याले एवढे लोक हो म्हटले नव्हते.

त्याच ग्रुपमध्ये एक पोट्टा होता. त्यानं लिहिलं, सगळ्यात चांगला दुसरा भाग, तो बर्फाचा. झालं, सारे तुटून पडले. बर्फ तिसऱ्यात आहे, दुसऱ्यात समुद्र आहे, एवढंही माहीत नाही अन् मतं देऊन राहिला. मी वाचतच राहिली. कारण तुझ्या बाबांनी बसस्टँडजवळच्या दुकानातून जी कॅसेट आणली होती, तिच्यावर दोनचा आकडा होता, समुद्राचं चित्र होतं, अन् आत निघाला बर्फ. त्या दुकानदारानं कागद भलत्याच डब्बीवर चिकटवला होता. अर्ध्या अकोल्यानं ती कॅसेट नेली असन, म्हणून मी मनाले आवरलं. पण मग त्या पोट्ट्यानं उत्तर दिलं, की गिनती तुमची बरोबर असेल, पण आमच्या घरी तो दुसराच होता, आणि बर्फ संपला की समुद्र लागणार होता. शिवम, समुद्राची वाट पाहत रोज बर्फात उड्या मारणारं एकच लेकरू मले माहीत आहे. गॅसवर दूध होतं, ते सारं उतू गेलं.

तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. नाही सांगितलं, कारण तू बोलून राहिला होता. आईले हो-नाही करणारा तू, त्या मावशीले पान-पान लिहून राहिला होता. नव्या भागावरून आपण किती भांडलो! करडू खड्ड्यात पडलं की बगळा येऊन त्याले वर काढते, जिथं पडलं तिथंच ठेवते. तू म्हटलं ही लाडाची थेरं आहेत, पडलं की पहिल्यापासून, तरच खेळ. मी म्हटलं, तुले लहानपणी पडल्यावर कोणी उचललंच नाही का? त्यावर तू मले एकटीले ग्रुपबाहेर वेगळं लिहिलं, भातकुली गावच्या त्या लग्नाचं. बाबा चार पाहुण्यांत म्हटले, आमचा पोट्टा पुण्यात गेम खेळते, सारे खदाखदा हसले, अन् तू पंगत बसायच्या आधीच निघाला. ते मले माहीत होतं, मी तिथंच होती. पुढचं माहीत नव्हतं. तू तिथं खेळत नाही, खेळातले डोंगर काढतो, झाडं काढतो, अन् ते घरच्या कोणी कधी पाहिले नाहीत, हे तू एका परक्या बाईले सांगितलं. मले फार लागलं रे. पण मी मावशी होती ना, म्हणून म्हटलं, मले दाखव.

तू पाठवलेलं चित्र मी बाबांपुढं धरलं. कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा लावला, म्हटले, "हे तं सेमाडोहच्या घाटातली वाट आहे. या वळणावर शिवमले गाडी लागली होती, माह्या शर्टावर ओकला होता." मग फोन हातातून सोडलाच नाही. मोठं करून पाहे, लहान करून पाहे. कोणी काढलं, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, आहे एक पोट्टा पुण्याचा. ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत बसले. आता मी खेळायले बसली की पेपर तोंडापुढं धरून मागं बसतात, अन् खड्डा आला की पेपराआडून म्हणतात, "मार ना उडी, पाहून काय राहिली!"

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. मागच्या आठवड्यात तू मावशीले लिहिलं, की कंपनी बंद पडली, काम गेलं. महालक्ष्म्या जवळ आल्या, आंबिलीची आठवण येते, पण हरून कोणत्या तोंडानं घरी जाऊ, तुम्हीच सांगा. मावशीनं वाचलं अन् उत्तर दिलं नाही. तुले वाटलं असन, हीही गेली. गेली नाही रे. पण या गोष्टीचं उत्तर खोट्या नावानं कसं देऊ? म्हणून कागद घेतला, अन् खाली खरं नाव लिहून राहिली. तुले माझा राग येईन, तर तो इथं येऊन कर. कामाचं बाबांना मी सांगितलं नाही, ते तू सांग. ते एकदम गोड बोलतील अशी हमी मी देत नाही, मलेच इतक्या वर्षांत ती मिळाली नाही. पण चित्र तुझं आहे हेही तूच सांग, अन् तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाह्य. बगळ्याचं तुले पटत नाही ना, राहू दे. घरचा कायदा तर मानशीन? करडू पडलं की रिमोट दुसऱ्याच्या हाती. तू लय दिवस एकटाच धरून बसला, बेटा. आता इकडं दे.

वाट पाहणारी, तुझीच
आई
(करडाची मावशीही मीच)