कालचं हवामान

बाबा, हे तुमची पणती, माझी नात लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तेव्हा पत्रव्यवहाराला आपल्यासारखी जोडी शोधून सापडायची नाही. पोरीचं मराठी इथलं, इंग्लंडातलं आहे. मघाशी म्हणाली, "आजी, स्लो. तुझा वाक्य खूप लांब होतो." म्हटलं, आयुष्यच लांबलंय, वाक्याचं काय घेऊन बसलीस. पण आज मला थट्टा सुचते आहे ती भीतीनं, हे तुम्ही तरी ओळखाल. होडी फार हलायला लागली की तुम्हीसुद्धा चेष्टा करत सुटायचात.

तुम्ही भावांना शाळेत घातलंत आणि मला वारा शिकवलात. किनाऱ्यावर उभी करून विचारायचात, पोरी, आज कुठून येतोय, ओला आहे की कोरडा, संध्याकाळपर्यंत टिकेल का. एकदा मला सकाळीच पाण्यावर काळी रेघ दिसली होती. थोरला भाऊ काही बोलला नाही, तो चौथी पास, म्हणून मीही बोलले नाही. तुम्ही दुपारी फाटलेलं शीड घेऊन परत आलात. मारलं नाहीत. चुलीपाशी बसून एवढंच विचारलंत, "तुला दिसलं होतं ना? मग तोंड कशाला दिलंय देवानं?" त्या दिवशी तुम्ही माझ्या हातची भाकरी घेतली नाहीत, आईकडून घेतलीत.

मी विधवा झाल्यावर तुमच्या डॉक्टर नातवानं, माझ्या मुलानं, मला इकडे आणलं. तेव्हा तो स्कॉटलंडात होता, पश्चिमेच्या एका गावातल्या हॉस्पिटलात. तिथं समुद्राला खेटून डोंगर आहे. हिवाळ्यात त्यावर बर्फ पडतो, माणसं पायांना पट्ट्या बांधून त्यावरून खाली घसरतात, आणि पुन्हा घसरता यावं म्हणून तारेवर लटकणाऱ्या खुर्च्यांत बसून वर जातात. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं आणि हे उद्योग. मी पायथ्याच्या कॅन्टीनमध्ये सूप करायचे. मसुराच्या सूपमध्ये गुपचूप जिऱ्याची फोडणी घालायचे आणि ते लोक त्याला स्कॉटिश म्हणून खायचे. इंग्रजी कानानं शिकले. मला अक्षर येत नाही हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आईला फक्त आमची लिपी येते. डॉक्टरची आई अडाणी, हे त्याला जड जात होतं. मीही तो मान ठेवून घेतला.

तिथला हवामानवाला तुम्हाला आवडला असता. शहरातल्या ऑफिसातून फोनवर अंदाज यायचा, पण तो म्हणायचा, त्यांना समुद्रावरचा वारा कळतो, तो दरीत शिरून आवळला की काय करतो ते कळत नाही. म्हणून तो उजाडायच्या सुमारास आधी धक्क्यावर जाऊन पाणी बघायचा, मग माथ्यावरच्या खोपटातलं यंत्र बघायचा, आणि खाली येऊन पेन्सिलीनं चिठ्ठी लिहायचा. ती मी खुर्च्यांच्या मुकादमाला द्यायची. चिठ्ठीवर खुर्च्या चालायच्या किंवा थांबायच्या. चिठ्ठीवर तारीख घालायची त्याला सवय नव्हती. पण लिहिण्याआधी रोज मला विचारायचा, "आज नाक काय म्हणतं?" मी मागच्या दारात उभी राहून सांगायचे. बाबा, तुमच्यानंतर वाऱ्याचं मला विचारणारा तो एकटाच.

त्या सकाळी त्याला घाई होती, नाकाचं विचारलं नाही. मी भांडी घासत होते. "तो आला की लगेच दे," म्हणाला आणि गेला. मी ओल्या हातानंच चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली. खिशात कालचीही होती, मुकादमानं परत दिलेली. एरवी मी नव्या कागदाच्या कडकपणावरून ओळखायचे. पाण्यानं दोन्ही सारख्याच मऊ पडलेल्या. मुकादम दारात उभा आहे, हात पुढे केलेला आहे. दोन्ही त्याच्यापुढे धरून "यातली आजची कुठली?" एवढंच विचारायचं होतं. इंग्रजी वाचता येत नाही हे त्याला ठाऊकच होतं, पण एकदा विचारलं की सगळंच उघडं पडेल असं वाटलं, आणि मला ते नाही जमलं. वरची काढली आणि दिली. वाचून तो म्हणाला, "झकास. दिवसभर शांत."

साधारण दहाला मी पाणी फेकायला मागचं दार उघडते. वारा फिरलाय. नैर्ऋत्येचा, खारा, जड. मोटारी लावायच्या जागेत समुद्रपक्षी येऊन बसलेत, सगळे एकाच दिशेला तोंड करून. मला कळलं, बाबा. तुम्हाला कळलं असतं तितकंच स्वच्छ कळलं. मुकादम चहाला आला तेव्हा म्हटलं, "वारा फिरला हं." तो म्हणाला, "चिठ्ठीत तसं नाही." मी त्याच्यापुढे चहा ठेवला. वाटलं, तो माणूस माथ्यावर जाऊन, बघून, लिहून आलाय. मी कोण. पुन्हा तेच, चौथी पास काही बोलला नाही म्हणून मीही नाही.

बाराच्या आत वाऱ्यानं खुर्च्या तारेवरच अडकवल्या. माणसं त्यात दोन तासांहून जास्त हेलकावे खात होती. त्यांना एकेक करून दोरानं उतरवत होते, तेव्हा एक शाळेतली बाई निसटून खाली खडकावर पडली. वाचली, पण पाय पुढे कधी सरळ झाला नाही. मी खाली सूप ढवळत उभी होते. दुसरं काय करणार होते.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या साहेबांनी कॅन्टीनमध्येच सगळ्यांना बसवलं. मुकादमानं चिठ्ठी काढली, अक्षर हवामानवाल्याचं, मजकूर शांत दिवसाचा. हवामानवाला म्हणाला, "ही परवाची आहे. काल दुसरी दिली होती." साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, "त्यांनी एक दिली, मी एक दिली." खोटं असं काही बोलले नाही बघा. हवामानवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "दिली असं मला वाटतं. कदाचित गाडीतच राहिली असेल. तिला कशाला विचारता, तिचा काय दोष." त्याला काढलं. जाताना मला म्हणाला, "तुझ्या नाकाला विचारायला हवं होतं, माझं चुकलं."

दुसरी चिठ्ठी माझ्या खिशातच होती. साहेबांच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी ती घरी काढली. आता लिहिणारी ही पोर तेव्हा सहा वर्षांची, सापडेल ते वाचत सुटलेली. तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं: अकराच्या आधी बंद करा, वर फार वारा, नक्की. म्हटलं, शहाणी गं बाई माझी, आणि चिठ्ठी शेगडीत टाकली. म्हणजे साहेबांसमोर बसले तेव्हा मला सगळं माहीत होतं. हे सांगितल्यावर पोरीनं आत्ता पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मी वाचलं होतं? मला काहीच आठवत नाही." म्हटलं, तुझं काही नाही त्यात. लिही.

पुढे मुलाची बदली झाली, आम्ही लंडनच्या कडेला, पिनरला आलो. तो माणूस स्लाऊला बहिणीकडे गेला, गोदामात कामाला लागला. जिथं छताखाली वारा म्हणून नाही. दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. मला वाचता येत नाही, पण त्याचं अक्षर मी लांबून ओळखते, पेन्सिलीचं, वाऱ्यात झुकल्यासारखं. या वर्षी पाकिटावर दुसरंच अक्षर. सूनबाईनं वाचून दाखवलं. बहिणीनं लिहिलंय, तो हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. पडल्या पडल्या अजून त्या सकाळचं विचारतो, मी दिली होती का गं, की गाडीत राहिली. सूप करणारी बाई बरी आहे का, हेही विचारतो.

आठवडा झाला बाबा, मला अन्न गोड लागत नाही. स्लाऊ इथून तासाभराच्या आत आहे. तुमचा नातू मोटारीनं नेईल, कारण विचारणार नाही. जाऊन फक्त एक वाक्य बोलायचं, तू दिली होतीस. नाहीतर तो स्वतःवर संशय घेऊनच जाईल. आणि मी काय करतेय, तर चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला पत्र लिहवून घेतेय. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुमचं तोंड मला बघावं लागत नाही.

पोरगी विचारते आहे, "आजी, हे त्यांनाच पाठवू या ना. ॲड्रेस आहे?" सकाळीही तिनं विचारलं होतं. तेव्हा मी सांगितलं, पत्ता असलेलं पाकीट कचऱ्यात गेलं. गेलेलं नाही. माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. हेही तिला लिहायला सांगितलंय, म्हणजे आता तिला कळलं. एवढं लिहून ती माझ्या खोलीत जाते म्हणते आहे, आणि मी तिला थांब म्हटलेलं नाही.