पायरीवरची दोन मिनिटं

२ जानेवारी, सोमवार

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच: आवाज चढवायचा नाही. भिंतींना हात लावायचा नाही हाही आहे, पण तो पहिल्यातच आला.

हॉलच्या भिंतीत सध्या पाच भोकं. तीन नोलनची, दोन माझी. माझी बुजवून झालीत, फक्त रंग बाकी आहे.

सगळं पहिल्यापासून लिहायचं म्हणजे: नोलन, माझा मुलगा, चौदाचा. उंचीने माझ्या कानापर्यंत आला, वजनात मला मागे टाकलं. ऑटिझम आहे. तोंडाने बोलत नाही, टॅबलेटवर चित्र दाबून सांगतो. आणि मारतो. मला मारतो. माझ्या बायकोला, लोर्नाला नाही मारत, कारण ती त्याचे लाड करते.

३० मार्चला समितीची मीटिंग आहे. तोवर मारामारी कमी झाली नाही तर त्याला सडबरीच्या निवासी केंद्रात पाठवायचं का, ते तिथे ठरेल. सडबरी इथून, थंडर बेपासून, हजार किलोमीटर. मी लोर्नाला म्हटलं, घाबरू नकोस, हे प्रकरण आता मी हातात घेतलंय. ती म्हणाली, तीच तर भीती आहे.

३ जानेवारी, मंगळवार

थेरपीवाली आली. आइला हकाला. सव्वीस वर्षांची, माझ्या छातीला लागेल एवढी. दर मंगळवारी आणि गुरुवारी चार ते सहा घरी येणार. मी तिला आधीच सांगून टाकलं की मी ज्युनियर आइस हॉकी चार सीझन खेळलोय आणि टीममध्ये माझं काम गोल करणं नव्हतं, समोरच्याला बडवणं होतं. तेव्हा राग म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ती म्हणाली, वा, मग बूट दाराशी काढाल का, तुम्ही ते आपटत आत येता तेव्हा नोलन कान झाकतो.

तिने कागदांचा गठ्ठा दिला. प्रत्येकावर तीन रकाने: आधी काय झालं, नोलनने काय केलं, नंतर काय झालं. मी म्हटलं हे मीच भरणार, कारण तो मारतो तेव्हा दरवेळी मी हजर असतो. ती म्हणाली, भरा.

७ जानेवारी, शनिवार

पहिला कागद.

आधी: काही नाही. मी घरी आलो, मॅच लावली, नोलनला म्हटलं हेडफोन काढ आणि बापाशेजारी बस. चारदा म्हटलं. मग मी काढले.

नोलनने: डोकं माझ्या नाकावर.

नंतर: रक्त. शर्ट, सोफा, कार्पेट. लोर्नाने आधी हेडफोन तुटलेत का ते पाहिलं.

१० जानेवारी, मंगळवार

आइला त्याला टॅबलेटवर 'थांब' दाबायला शिकवतेय. त्याने दाबलं की समोरच्याने थांबायचं, मग काहीही चालू असो. दोन तासांत त्याने नऊदा दाबलं, ती नऊदा थांबली. मी विचारलं, म्हणजे घरात हुकूम कुणाचा? ती म्हणाली, त्याच्याकडे 'थांब' म्हणायला आत्तापर्यंत फक्त दात होते.

ती गेल्यावर मी त्याला शूज घालायला लावत होतो. त्याने 'थांब' दाबलं. मी म्हटलं, आधी डावा, मग थांबू. दंडाला चावला. कोट होता म्हणून मांस वाचलं.

आधी: काही नाही. मी फक्त शूज घालत होतो.

१२ जानेवारी, गुरुवार

आज आइलाने एक कामाची गोष्ट सांगितली. मुलाला दंगा करून जे मिळत होतं ते मिळायचं बंद झालं, की दंगा आधी वाढतो आणि मग कमी होतो. उसळी येते म्हणे. म्हणजे वाढला तर समजायचं की गाडी रुळावर आहे. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं!

१४ जानेवारी, शनिवार

गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाचे टायर बदलता बदलता सुचलं. पेनल्टी बॉक्स!

हॉकीत कुणाला बडवलं की दोन मिनिटं खेळाबाहेर त्या बॉक्समध्ये बसवतात. आम्ही बर्फावर सुधारलो नाही, बॉक्समध्ये सुधारलो. तर: मारलं की तळघराच्या पायरीवर दोन मिनिटं, दार बंद. रक्त आलं की पाच. घड्याळ माझं. बडबड नाही, टॅबलेट नाही. आइलाला तूर्त सांगायचं नाही. आकडे खाली आले की तिलाच दाखवीन.

२१ जानेवारी, शनिवार

चमत्कार! आज मला बरगडीत ठोसा मारला आणि मी दार उघडायच्या आत स्वतःच्या पायाने पायरीवर जाऊन बसला. दार स्वतः ओढून घेतलं. शिस्त लागायला आठवडा पुरला. लोर्नाला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघतेय.

बरगडी श्वास घेताना दुखते. कमी घेतोय.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आठवड्यांचे आकडे: तीन, पाच, नऊ, चौदा. जोरदार उसळी. आइलाचा चेहरा उतरलाय. मी तिला धीर दिला.

ओठाला दोन टाके. गॅरेजमध्ये सांगितलं जॅक निसटला.

९ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ

मॅच चालू असताना नोलनने माझी ट्रॉफी टीव्हीत घातली. मी नुसता ओरडत होतो, तेही रेफ्रीवर, त्याच्यावर नाही. मग मी भिंतीवर मूठ मारली. ती माझी स्वतःची उसळी आहे. म्हणजे मीही सुधारतोय. भोकं सहा.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आइलाला कळलं. तिच्यासमोरच त्याने माझ्या मानेवर बुक्की मारली आणि तळघराकडे पळाला. तिने दोन मिनिटं थांबून दार हळूच उघडलं आणि मला बोलावलं. नोलन खालच्या पायरीवर, वॉशिंग मशीनला पाठ लावून बसलेला. डोळे मिटलेले, गुणगुणत होता. त्याला इतकं निवांत मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने मला समजावलं. हळू बोलत होती, लहान मुलाशी बोलतात तसं. म्हणाली, वेंडेल, ही त्याला शिक्षा वाटत नाही, बक्षीस वाटतं. त्याला तुमच्यापासून दूर, शांत जागी जायचं असतं. त्याने 'थांब' दाबलं तरी तुम्ही थांबत नाही. ठोसा मारला की तुम्ही स्वतः त्याला दूर पाठवता. तुम्हीच शिकवलंत त्याला.

मी म्हटलं, आमच्याकडे पेनल्टी बॉक्स कुणालाच आवडायचा नाही. ती म्हणाली, कारण तुम्हाला परत बर्फावर यायचं असायचं.

सव्वीस वर्षांची आहे. मुलं नाहीत. स्केटिंग येत असेल का तेही शंकाच आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार

पण तिचा मुद्दा घेतला. मी हेकट माणूस नाही. बक्षीस बंद म्हणजे बंद: तळघराच्या दाराला कडी आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात. आता उसळी येईल आणि मग आकडे खाली. लोर्ना म्हणाली, आइलाने दार बंद करायला नाही सांगितलं, तुला थांबायला सांगितलं. बायका आपापसात काय बोलतात ते मला ठाऊक आहे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

लोर्नाचं मनगट मोडलं. नोलन.

२६ फेब्रुवारी, रविवार

काल नीट लिहिता आलं नाही.

आधी: काही नाही. मी मर्वशी फोनवर भांडत होतो. (मर्व, माझा थोरला भाऊ. स्नोमोबाइल परत देत नाही.) आवाज थोडा वर गेला असेल. नोलनने 'थांब' दाबलं. मग पुन्हा. लोर्ना म्हणते तेरा वेळा, तिने मोजलं कशाला देव जाणे. मग तो तळघराच्या दाराशी गेला, मूठ ओढली, कुलूप हिसडलं, कपाळ दारावर आपटायला लागला. मी मागून धरलं. त्याने कोपर माझ्या दातांवर घातलं, मी त्याला जमिनीवर घेतलं, गुडघा पाठीवर. हॉकीत शिकलेली पकड आहे, त्याने कुणी मरत नाही. तो आधी ओरडत होता. मग आवाज बंद झाला. लोर्ना माझ्या खांद्याला लोंबकळून ओरडत होती, श्वास घेऊ दे त्याला, वेंडेल, श्वास. मग ती स्टोव्हच्या कडेवर पडली.

नोलनने: आईचं मनगट मोडलं.

नंतर: हॉस्पिटल. प्लास्टर, सहा आठवडे.

४ मार्च, शनिवार

लोर्ना बोलत नाही. डाव्या हाताने अंडी फोडते, टरफलं पडतात, मी मदत करू गेलो तर गॅस बंद करून निघून जाते. कुलूप तिनेच काढलं. स्क्रू एका हाताने कसे काढले कोण जाणे.

खरं म्हणजे लोर्नाला कोपर नेमकं कुणाचं लागलं हे त्या गडबडीत सांगणं अवघड आहे. नोलन खाली होता, हे मान्य. पण मारामारी सुरू कुणी केली? मूळ कारण पाहावं लागतं.

१४ मार्च, मंगळवार

सडबरीहून फोन. माझा कागद त्यांच्यापर्यंत गेलाय. आईची हाडं मोडणारा मुलगा घरी ठेवणं धोक्याचं, एक खोली रिकामी आहे, समितीने हो म्हटलं की १ एप्रिलला आणा. मी म्हटलं, विचार करतो.

दुपारी गॅरेजमध्ये ट्रकखाली पडल्या पडल्या मला रडू आलं. तो लहान असताना मी त्याला बर्फावर पोटाशी धरून फिरवायचो, आणि तो हसायचा, आवाज करून हसायचा. हजार किलोमीटरवर त्याला कोण फिरवणार? मला तो हवाय. माझा एकुलता एक मुलगा आहे तो.

घरी येऊन पेन काढलं. मनगटाच्या कागदाची प्रत समोर होती, 'नोलनने' हा एक शब्द खोडायचा होता. पण खाडाखोड केली तर बाकीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सगळी मेहनत पाण्यात. पेन ठेवून दिलं.

२९ मार्च, बुधवार

उद्या मीटिंग. तयारी जय्यत. बासष्ट कागद, तारखेप्रमाणे लावलेले, काळी फाइल. टाय घालणार. एवढं सगळं लिहून ठेवणारा बाप समितीने पाहिला नसेल. मुद्दा असा मांडायचा: उसळी संपत आलीय, मला तीन महिने द्या, नोलन घरीच राहील.

३० मार्च, गुरुवार

टाय घातला होता.

आइलाने भिंतीवर आलेख दाखवला. मला वाटलं ठोशांचा असेल. तो माझ्या पहिल्या रकान्याचा होता. ती म्हणाली, वेंडेलनी फार प्रामाणिकपणे नोंदी ठेवल्यात, आणि वाचायला लागली. काही नाही, मी फक्त हेडफोन काढले. काही नाही, मी फक्त शूज घालत होतो. काही नाही, मी फक्त त्याची प्लेट उचलली. काही नाही, मी फक्त गाडी चालू करून हॉर्न वाजवला. बासष्टपैकी अठ्ठावन्नमध्ये 'काही नाही'च्या पुढचा शब्द 'मी' आहे. उरलेल्या चार वेळा मी घरात शिरत होतो.

समितीतल्या एका बाईंनी मनगटाचा कागद वर धरला आणि लोर्नाला विचारलं. लोर्नाने प्लास्टर टेबलावर ठेवलं. म्हणाली, हे नोलनने नाही केलं. नोलन ह्याच्या गुडघ्याखाली होता, निळा पडत होता. मी ओढायला गेले तर ह्याने मला झटकलं. मी आजवर गप्प बसले, ती माझी चूक. पण माझ्या पोराला ह्याच्या हाताची शिक्षा मी होऊ देणार नाही.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, उसळी होती. कुणी लिहून घेतलं नाही.

ठरलं ते असं: नोलन घरी राहील. घर मी सोडायचं. नोलनला भेटायचं तर आधी माझी स्वतःची थेरपी, मग आठवड्याला पंधरा मिनिटं, आइलासमोर.

२ एप्रिल, रविवार

मर्वच्या तळघरात. तात्पुरतं आहे. मी ह्याकडे प्रयोग म्हणून पाहतोय: एक गोष्ट बाजूला काढायची आणि आकडा काय होतो ते बघायचं. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. लोर्नाला फोन करून म्हटलं, उद्यापासून रोजचे आकडे मला कळव. ती म्हणाली, शून्य. मी म्हटलं, अजून उद्या झाला नाही. ती म्हणाली, ठीक, उद्या पुन्हा सांगते.

६ एप्रिल, गुरुवार

शून्य, शून्य, शून्य, शून्य. एका अर्थाने हे माझंच यश म्हणायला हवं, कारण घराबाहेर पडलो तो मी. मर्वला तसं म्हटलं. तो म्हणाला, वेंडी, जेवून घे.

९ एप्रिल, ईस्टर, संध्याकाळ

लोर्नाचा फोन. मी केलेला नाही, तिने आपणहून केला. आवाज इतका मोकळा होता की मी आधी ओळखलाच नाही. नोलन आज टेबलावर बसला. पूर्ण जेवणभर. बटाटा भरून उकडलेले पेरोगे सहा खाल्ले, हेडफोन काढून बाजूला ठेवले, स्वतःहून, आणि कशावर तरी हसला. आवाज करून हसला. ती सांगताना रडत होती. आइला तिच्या आईला घेऊन आली होती, शेजारचे ऑलिव्हर आजोबा आले होते, सगळ्यांनी हळू बोलायचं असं ठरवलं होतं, कुणाला कठीण गेलं नाही.

मी विचारलं, मग शेवटपर्यंत होते सगळे?

ती म्हणाली, हो ना, आज कितीतरी वर्षांनी आम्ही घरचे सगळे एकत्र जेवलो.

मग तिच्या लक्षात आलं असावं. मी वाट पाहिली की ती 'तू सोडून' म्हणेल. ती म्हणाली नाही. मी म्हटलं, बरं झालं, आणि फोन तिनेच ठेवला.

मर्वची बायको वरून हाक मारतेय, हॅम कापलंय, ये. तीनदा मारली. वर पोरं आहेत, हसतायत. मी जिन्याखाली उभा आहे आणि वर जायची हिंमत होत नाहीये.