आखाजीचा रस

जळगाव, २२ जून २०२५

प्रिय भाऊ,

नमस्कार. खुशाली विचारायची रीत म्हणून विचारते; आबा गेल्यावर तू कसा असशील ते मला ठाऊक आहे. कपाशी लावून झाली का?

माझं काम तेच. तू चिडवायचास ना, 'चारू जंतांची डॉक्टर'. माझा गोल जंत मिलिमीटरभर, जिवाणू खाऊन जगतो. त्याच्या घशाला पुढे एक फुगवटा, मध्ये बारीक मान आणि मागे दुसरा फुगवटा, त्यात खाल्लेलं भरडायचं जातं. या घशापुरत्या वीस मज्जापेशी असतात. बाकी अंगाशी त्यांचा संबंध पेशींच्या एका जोडीपुरता, वेगळी चूल मांडलेल्या भावासारखा. विसांनाही लेसरनं जाळलं तरी घसा आपला हळूहळू चालूच राहतो. हे मी स्वतः पाहिलंय, आणि त्याचाच मला माज होता.

फोनवर दोनदा सांगायला गेले, दोनदा पावसापाण्याचं बोलून ठेवून दिला. आता लिहिते.

आखाजीच्या सणाला मी माहेरी आले होते. तू वावरात होतास, सारिकावहिनी खापरावर पोळ्या टाकत होती. लकव्यानंतर आबांना सगळं नळीनंच द्यायचं, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही, असं डॉक्टरांनी आपल्या तिघांनाही बजावलं होतं. आबा जड जिभेनं म्हणाले, "बेटी, आज आखाजी शे. माले बी थोडा रस दे ना."

मी आमरसाची वाटी भरून आणली. म्हटलं, घशाला स्वतःची अक्कल असते. त्या विसांतली एक ठरावीक पेशी गेली, तर घसा हलत राहतो पण घास मानेपाशी अडतो आणि जंत भरल्या तोंडी उपाशी मरतो, हेही मला माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही म्हटलं तर खोटं होईल. आबांच्या तोंडाकडे बघून मी ते बाजूला सारलं. चार चमचे गेले. पाचव्याला ठसका लागला, ओठ निळे पडले. थोड्या वेळानं निवळले, म्हणून मी वाटी विसळली आणि गप्प बसले. दोन दिवसांनी ताप चढला, नवव्या दिवशी आबा गेले.

अन्न फुफ्फुसात गेलं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तुला गोधडीवरचा रसाचा डाग आठवला. तू वहिनीला दोषी धरलंस. "मी नाही दिला," एवढंच ती म्हणाली. तू ऐकलं नाहीस, तेराव्यानंतर तिला पाचोऱ्याला माहेरी धाडलंस.

भाऊ, मी वाटी विसळत होते तेव्हा ती चुलीपाशीच होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तरी माझं नाव घेतलं नाही, आणि मी समोर बसून ते चालू दिलं. आबा माझ्यामुळे गेले. वहिनीचं घर माझ्यामुळे सुटलं.

हे पत्र घेऊन पाचोऱ्याला जा. तिच्या आईवडलांसमोर मोठ्यानं वाच. मग ती यायचं म्हणाली तर घेऊन ये. नाही म्हणाली, तरी तिला बोल लावू नकोस. राखीला तिनं बोलावलं तरच मी येईन.

आबांना रस पाजणारी,
तुझी बहीण
चारुलता